नकाशातला कोनाडा

लिलावाच्या शेडमध्ये जिथं एरवी मासळीच्या भावाची पाटी टांगलेली असायची, तिथं त्या सकाळी भिंतभर समुद्र टांगला होता. गुळगुळीत कागदाचा नकाशा. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'सागरी ऊर्जेचा राष्ट्रीय आराखडा, पुढील तीस वर्षे'. खाली बंदर, दीपगृह, जहाजांचे मार्ग, आणि निळ्या पाण्यावर मधूनमधून तिरक्या रेघांनी भरलेले पट्टे. त्या पट्ट्यांत पवनचक्क्या उभ्या राहणार होत्या आणि तळाशी जाडजूड केबली अंथरल्या जाणार होत्या. केबल असेल तिथं जाळं टाकायचं नाही, हे बंदरात सगळ्यांना सांगून झालं होतं.

घुम्यानं आधी नकाशावर टेकडी शोधली, मग जुन्या गिरणीचं धुराडं. दोन्हींना जोडणारी एक रेघ मनातल्या मनात ओढली आणि ती सरळ समुद्रात नेली. मग दीपगृह आणि पाण्याची टाकी धरून दुसरी रेघ. दोन्ही रेघा एकमेकींना जिथं भेटल्या, ती जागा तिरक्या रेघांच्या पट्ट्यात बरोबर मधोमध पडली होती. त्यानं पुन्हा सगळं मोजलं. पुन्हा तिथंच.

घुम्या हा काही लेचापेचा माणूस नव्हता. स्वतःची बोट हाकणारा तांडेल होता, वादळातून बोट आणलेली होती. पण बोलायला महाकंजूष. म्हणून सारं बंदर त्याला घुम्या म्हणायचं, आणि तो त्यावरही काही बोलत नसे.

ती जागा म्हणजे पाण्याखाली दोन खडकांच्या मधला खळगा होता. थंडीच्या दिवसांत मासळी तिथं येऊन दाटीवाटीनं बसायची. त्याचे बाबा त्या जागेला कोनाडा म्हणायचे, घराच्या भिंतीत असतो तसा. हात घातला की काही ना काही लागायचंच. शेवटच्या आजारपणात बाबांनी घुम्याला खाटेच्या कडेला बसवलं आणि टेकडी, धुराडं, दीपगृह, टाकी अशा खुणा कानात सांगितल्या. "एकाच तोंडात राहू दे," म्हणाले. घुम्याच्या तोंडात ती राहिली यात नवल ते काय? तिथं तो एकटाच जायचा. कुणी मागं लागलंय असं वाटलं की बोट भलतीकडे वळवून रिकाम्या हातानं परत यायचा. दिशा दाखवणाऱ्या मशीनमध्ये बोटीची वाट उमटते, तीही परतताना पुसून टाकायचा.

या जागेपायीच धाकटा भाऊ तुटला होता. बाबा गेल्यावर त्यानं एकदाच विचारलं होतं, "दादा, तिथं दोघं मिळून जाऊ या का?" घुम्या म्हणाला होता, "बाबांनी मला दिली." धाकट्यानं पुढच्याच महिन्यात कर्ज काढून वेगळी बोट घेतली. तेव्हापासून दोघं एकाच धक्क्याला बोटी बांधायचे आणि एकमेकांना 'वारा कसा आहे' एवढंच विचारायचे.

आता हा पट्टा नेमका कोनाड्यावर कसा आला, याचं उत्तर घुम्याला चांगलंच ठाऊक होतं. सरकारनं काही चोरून केलं नव्हतं. गेल्या वर्षी आराखड्याच्या बाई स्वतः बंदरात आल्या होत्या. चष्म्याला दोरी, हातात रंगीत पेनांचा जुडगा. याच शेडमध्ये टेबलावर कोरा नकाशा पसरून त्यांनी सगळ्या तांडेलांना बोलावलं. मोठ्या ट्रॉलरवर ठावठिकाणा कळवणारं यंत्र असतं, लहान बोटींवर नसतं, म्हणून तुम्ही कुठं जाता ते तुम्हीच दाखवा, म्हणाल्या. जिथं मासेमारी होते ती जागा वगळूनच पट्टे आखायचे, असा नियमच होता.

बाईंचं चुकलं ते एवढंच, की त्यांनी सगळ्यांना एका रांगेत उभं केलं. एका तांडेलानं दुसऱ्या तांडेलासमोर आपली जागा दाखवायची, ही कल्पना डोंगरापलीकडच्या माणसालाच सुचू शकते. पहिल्यानं दीपगृहाजवळ ऐसपैस गोल काढला. तिथं चिखलाशिवाय काही मिळत नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत. दुसऱ्यानं जहाजांच्या वाटेवर गोल काढला. तिसऱ्यानं तर असं पाणी दाखवलं, की तिथं बोट नेली तर ती खडकावरच बसावी. सगळे गंभीर चेहऱ्यानं एकमेकांची भूगोलाची खोटी वही बघत होते. घुम्याची पाळी आली तेव्हा मागंच धाकटा उभा होता. घुम्यानं दक्षिणेच्या वाळूपट्टीवर गोल काढला. तिथं त्यानं कित्येक वर्षांत जाळं भिजवलं नव्हतं.

मागं धाकटा खाकरला.

"नक्की ना?" बाईंनी विचारलं होतं. "हा नकाशा देशाचा आहे. एकदा मंजूर झाला की त्यावर बंदरं, केबली, कारखाने सगळं ठरणार. मग तो हलत नाही."

"नक्की," घुम्या म्हणाला होता.

त्या दिवशी सगळे तांडेल घरी जाताना मनातल्या मनात खूश होते. सरकारच्या डोळ्यांत धूळ फेकली म्हणून. आज तीच धूळ नकाशा होऊन भिंतीवर लटकत होती, आणि सरकारनं त्या धुळीतला कण न् कण जपला होता. चिखल वगळला होता, वाळूपट्टी वगळली होती. खडकसुद्धा वगळला होता.

घुम्यानं आजूबाजूला नजर टाकली. बाकीचे तांडेल नकाशाकडे बघत होते. त्यांच्यापैकी कुणाची जागा बुडाली, कुणाची वाचली, काही कळायची सोय नव्हती. चेहरा कोरा ठेवण्यात सगळेच तरबेज होते. खाली सूचना लावली होती. पुढच्या आठवड्यात याच शेडमध्ये जाहीर सुनावणी. हरकत असेल त्यानं समक्ष मांडावी. त्यानंतर आराखडा अंतिम मंजुरीसाठी राजधानीत जाईल.

घरी त्याची बायको ताट वाढून बसली होती.

"जागा गेली का?" तिनं विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? नकाशा बघून आल्यापासून बूट घालूनच बसलाय."

घुम्यानं बूट काढले. कोनाडा कुठं आहे हे तिनं आजवर कधी विचारलं नव्हतं. कुठल्या दिवशी तो तिथं जाऊन आला, हे मात्र ती त्याच्या चालण्यावरून ओळखायची. थोरल्या पोरीचं शिक्षण त्या खळग्यावर झालं होतं. धाकटी अजून शिकत होती.

"मग जाऊन सांगा ना," ती म्हणाली.

"सगळ्यांसमोर?"

"नाहीतर जागा पाण्यात जाईल."

"ती पाण्यातच आहे."

"विनोद सुचतोय, म्हणजे जीव आहे अजून," ती म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "अहो, मी मस्करी करत नाहीये. वाळूपट्टीवर किती मासळी मिळते ते मला माहीत आहे. त्यावर आपलं घर चालणार नाही."

दुसऱ्या दिवशी घुम्यानं धुतलेला सदरा घातला आणि बस धरून शहरातलं आराखड्याचं कार्यालय गाठलं. चौथा मजला, लिफ्ट बंद. खोलीत नकाशांच्या गुंडाळ्या छत्र्यांसारख्या कोपऱ्यात उभ्या केलेल्या. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर देशाचा सगळा समुद्र दिसत होता, तुकडे तुकडे करून, प्रत्येक खात्याचा रंग वेगळा. आरमाराचा, जहाजांचा, पक्ष्यांचा. मासेमारीचा रंग हिरवा होता. आपल्या बंदरासमोरचे हिरवे गोल बघून घुम्याला घाम फुटला.

बाईंनी त्याला ओळखलं. खुर्ची दिली. त्यानं अडखळत सांगितलं, की जागा चुकून वेगळी दाखवली गेली, आता ती इथंच गुपचूप नीट करता येईल का.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"गुपचूप नाही करता येणार," त्या म्हणाल्या. "आज तुमच्यासाठी मी दार लावून रेघ हलवली, तर उद्या पवनचक्कीवाली कंपनी दार लावून मला दुसरी रेघ हलवायला सांगेल. तुम्हाला चालेल का?"

घुम्या पडद्यावरच्या हिरव्या गोलांकडे बघू लागला.

"सुनावणीत या. उघड सांगा. आणि आणखी एक. एका माणसाच्या सांगण्यावर जागा धरत नाहीत. तिथं जाळं टाकणारा निदान दुसरा एक तांडेल लागेल. नाहीतर कुणीही उठून कुठंही बोट ठेवेल."

"तिथं दुसरं कुणी जात नाही."

"मग अवघड आहे," बाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

बसमधून परत येताना घुम्याला आपल्या हुशारीचा पुरता हिशेब लागला. इतकी वर्षं त्यानं जागा इतक्या शिताफीनं जपली होती, की आता ती आहे असं म्हणायलाही दुसरं माणूस उरलं नव्हतं. साक्षीदार हवा तर त्याला आधी जागा सांगायला हवी. सांगितली तर ती उद्या त्याची. आणि ज्यानं कधी तिथं जाळं टाकलं नाही, त्यानं टाकलं म्हणायचं, तर तो खोटारडेपणा. त्याबद्दल बोलायला घुम्याकडे तोंड नव्हतं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी तो धक्क्यावर धाकट्याच्या बोटीपाशी जाऊन उभा राहिला. धाकटा जाळ्याची फाटकी घरं दुरुस्त करत होता. सुई आतबाहेर होत होती.

"काही काम होतं?" धाकट्यानं मान वर न करता विचारलं.

घुम्याच्या ओठांवर वाक्य आलं होतं. सबंध रात्र ते घोळवलं होतं. पण ज्याला एकदा 'बाबांनी मला दिली' असं तोंडावर सांगितलं, त्याच्याकडेच आता ती वाचवायला मदत मागायची? त्याची जीभ रेटेना.

"वारा कसा आहे?" त्यानं विचारलं.

"पडलाय," धाकटा म्हणाला. सुई पुन्हा जाळ्यात गेली.

सुनावणीला शेड भरून गेली. बर्फाच्या पेट्या भिंतीला सारून खुर्च्या मांडल्या होत्या. टेबलामागं ऊर्जा खात्याचे साहेब, शेजारी आराखड्याच्या बाई, आणि बोललेला शब्द न् शब्द टिपून घेणारा कारकून. साहेब चांगले होते, पण घाईत होते. आणखी बरीच बंदरं उरकायची होती. देशाला वीज हवी होती, कोळसा संपत आला होता, आणि हे सगळं त्यांनी सुरुवातीला नीट समजावून सांगितलं. कुणी नाही म्हणालं नाही.

"कुणाची हरकत?"

पन्नास गळे असलेल्या त्या शेडमध्ये घसा खाकरायचीही कुणाची छाती होईना. घुम्याची बायको दाराशी उभी होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती, नकाशाकडे बघत होती, आणि ते जास्त वाईट होतं.

"हरकत नसेल तर..." साहेबांनी कागद उचलले.

घुम्या उठला. तो नकाशापाशी गेला आणि तिरक्या रेघांच्या पट्ट्यावर बोट टेकवलं. पाठीमागं खुर्च्या करकरल्या. सगळं बंदर पुढं झुकलं होतं.

"इथं," तो म्हणाला. "इथं खळगा आहे. थंडीत मासळी इथंच असते. मी इथं जाळं टाकतो. माझे बाबा टाकायचे."

साहेबांनी समोरचा कागद चाळला. "तुम्ही गेल्या वर्षी दक्षिणेची वाळूपट्टी दाखवली होती. नक्की म्हणाला होता, इथं लिहिलंय. मग खोटं कधी बोललात? तेव्हा, की आता?"

कारकुनाचं पेन वर थांबलं होतं.

"तेव्हा," तो म्हणाला.

"का?"

"सगळ्यांसमोर विचारलंत म्हणून."

बाईंनी चष्मा काढला आणि डोळे मिटून घेतले. साहेबांचा आवाज चढला. "म्हणजे या नकाशावरच्या बाकीच्या खुणाही अशाच आहेत का?"

घुम्याला ठाऊक होतं, या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं तर उद्यापासून त्याला धक्क्यावर दोर बांधायलाही कुणी देणार नाही.

"मी माझं सांगितलं," तो म्हणाला. "दुसऱ्याचं त्यांना विचारा."

साहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग बाईंकडे. बाई हळू आवाजात काहीतरी बोलल्या. साहेबांनी मान हलवली.

"ठीक. पण नियम आहे. या ठिकाणी मासेमारी करणारा दुसरा कुणी तांडेल आहे का?"

घुम्या मागं वळला नाही. वळून कुणाकडे बघणार? उत्तर त्याला ठाऊक होतं. त्याच्या बोटाखाली कागद ओला झाला होता. त्याला बाबांची आठवण झाली आणि मनापासून राग आला, बाबांचा नाही, स्वतःचाच. एकाच तोंडात राहू दे म्हणाले होते. राहिली, आणि आता त्याच तोंडात मरणार होती.

"नसेल तर पुढं जाऊ या," साहेब म्हणाले.

"मी आहे."

आवाज ओळखायला घुम्याला वेळ लागला. वाऱ्याखेरीज इतर कशाबद्दल तो आवाज त्यानं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

धाकटा खुर्च्यांमधून वाट काढत पुढं आला. "मीही टाकतो तिथं," तो म्हणाला. "टेकडी धुराड्यामागं गेली, आणि दीपगृह टाकीवर आलं, की तिथं."

त्या खुणा अगदी बरोबर होत्या.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"बाबा होते तेव्हापासून."

"आणि अजून?"

धाकटा क्षणभर थांबला. "अजून," तो म्हणाला. मग त्यानं बाईंच्या हातातलं पेन मागून घेतलं आणि नकाशावर रेघ काढली. "दादानं बोट ठेवलं तेवढीच जागा नाही ती. तिचं तोंड उत्तरेला आहे, इथं. आत शिरायचं ते इकडून. दक्षिणेनं गेलं तर जाळं खडकाला फाटतं."

घुम्या त्या रेघेकडे बघत राहिला. तो इतकी वर्षं दक्षिणेनं जात होता, आणि दर थंडीत त्याचं जाळं फाटत होतं. बाबांनी त्याला तोंड सांगितलं नव्हतं. सांगायच्या आधीच त्यांना धाप लागली होती.

बाईंनी दोघांच्या सह्या घेतल्या. तळाची पाहणी करायला बोट पाठवू, तोवर हा तुकडा पट्ट्याबाहेर ठेवू, असं त्यांनी कारकुनाला लिहायला सांगितलं. साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला आणि पुन्हा विचारलं, आणखी कुणाची हरकत? या खेपेला मागच्या बाजूनं एकाच वेळी तिघंजण उठले. बाईंनी पेनांचा जुडगा पुन्हा बाहेर काढला, आणि या वेळी रांग न लावता एकेकाला टेबलापाशी बोलावलं.

बाहेर धक्क्यावर ऊन पडलं होतं. धाकटा आपल्या बोटीकडे चालला होता. घुम्या त्याच्या मागं गेला. बायको लांबच थांबली, शहाणी होती.

"तू खोटं सांगितलंस," घुम्या म्हणाला. "मी तिथं तुझी बोट कधी पाहिली नाही."

"बाबा होते तेव्हा टाकायचो. ते खरं सांगितलं."

"बाबांबरोबर?"

"तू मोठ्या जहाजावर नोकरीला होतास तेव्हा." धाकटा दोराची गाठ सोडत होता, उगाचच. "बाबांनी मला आधी दाखवली, दादा. मग तू परत आलास. हात रिकामे, पदरात दोन पोरी, कुणाशी धड बोलायचा नाहीस. बाबा म्हणाले, ही थोरल्याला देऊ या, त्याला धीर येईल. तुझं काय, तू कुठंही मासळी शोधशील. तू तिथं जाऊ नकोस आणि त्याला सांगूही नकोस. त्याला वाटू दे, फक्त त्यालाच दिली म्हणून."

घुम्या धक्क्याच्या लोखंडी खुंट्यावर बसला. इतकी वर्षं त्याला वाटायचं, बाबांनी दोघांतून त्याला निवडलं. बाबांनी त्याची कीव केली होती. आणि त्या किवेचा भार धाकट्यानं एकट्यानं उचलला होता, शब्द न काढता. घुम्या म्हणून लोक भलत्याच भावाला ओळखत होते.

"मग आपलं तुटलं तेव्हा का नाही बोललास?"

"मी विचारलं होतं, दोघं मिळून जाऊ या का. तू हो म्हणाला असतास तर सांगायची गरजच नव्हती."

घुम्याला लाज वाटली. इतकी, की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यानं लपवलं नाही.

शेडमधून माणसं बाहेर पडू लागली. दोघातिघांच्या नजरा टेकडीवरून धुराड्याकडे आणि तिथून समुद्राकडे फिरत होत्या. एकानं तर बोटीत चढून इंजिनाला तेल घालायलाही घेतलं होतं.

"उद्या सगळं बंदर तिथं असेल," घुम्या म्हणाला.

"असू दे," धाकटा म्हणाला. "पण मी अजून टाकतो असं सांगून आलोय. कागदावर चढलंय ते. आता एकदा तरी टाकायला हवं."

घुम्या उठला. तो आयुष्यात एका दमात इतकं कधी बोलला नसेल.

"माझ्या बोटीतून जाऊ. जाळं तुझं घे, माझं फाटलंय. उजाडायच्या आत ये, मी धक्क्यावर थांबतो. आणि बाबा उत्तरेनं कसे शिरायचे, ते मला तू दाखव."